पायथ्याची वाळू

धरणावरची माणसं तिला कासवीण म्हणायची. आधी पाठीमागे म्हणायची, मग तोंडावर म्हणायला लागली, आणि शेवटी सख्ख्या भावानेही तेच सुरू केलं तेव्हा तिने हात टेकले. आता कासवांच्या मागे उभी हयात घालवल्यावर बाईला कोणी हरिणी थोडंच म्हणणार?

कासवं मात्र साधीसुधी नव्हती हं. परातीएवढी, लाजाळू, पाठीवर पिवळी रेघ. एकेकाळी म्हणे नदीभर होती. मग वाळू उपसली गेली, जाळी लागली, धरणं झाली, आणि होता होता ती उरली फक्त या एका धरणाखाली. नदीच्या वळणावर मधोमध वाळूचा एक लांबट पट्टा आहे. पाऊस ओसरला की माद्या त्या पट्ट्यावर चढतात, अंडी घालतात आणि मागे वळूनही न बघता निघून जातात. पुढची राखण कासविणीची.

घोडं अडायचं ते इथेच. नेमक्या त्याच दिवसांत धरण तुडुंब असतं. वरून पाणी येतच राहतं. ते सोडायचं तर दारं उघडायची, दारं उघडली की पट्टा पाण्याखाली, आणि भिजलेलं अंडं म्हणजे गेलेलं अंडं. दारांचा प्रमुख कोण, तर तिचा दादा. त्यावरून बहीणभावाचं इतकी वर्षं वाजत आलं होतं की वहिनी जेवायला वाढण्याआधी विचारायची, ‘‘आज काय, पाणी की कासवं? तसं असेल तर मी माझं ताट आत घेऊन जाते.’’

शेवटी त्याच टेबलावर तोड निघाली. पिल्लं बाहेर पडेपर्यंत दादा दारं उघडणार नाही, येईल ते पाणी धरणात साठवून धरेल, अगदी काठोकाठ. बदल्यात पिल्लं नदीला लागली की कासवीण त्याच दिवशी सांगेल, म्हणजे त्याला पाणी उतरवता येईल. वरच्या साहेबांनीही मान डोलावली. काही वर्षं हे इतकं सुरळीत चाललं की लांबून माणसं बघायला यायची, पाणीही राखायचं आणि कासवंही, हे जमतं तरी कसं म्हणून. दादा छाती फुगवून सांगायचा, ‘‘आमच्या घरात ठरतं ते.’’

त्या ठरण्यात आणखी एक गोष्ट होती. धरणाच्या मधोमध दगडी भिंत आणि तिच्यात दारं, आणि दोन्ही बाजूंना लांबच लांब मातीचा बांध. त्या बांधाच्या पायथ्याने रोज एक फेरी मारायची, ही धरणाची जुनी रीत. कुठे ओल आलीय का, पाझर फुटलाय का, ते बघायचं. मातीचं धरण थोडं गळतंच, पाझर स्वच्छ असेल तर घाबरायचं कारण नाही. पण पाझर गढूळ झाला, तर धरणाच्या पोटातली माती वाहून चाललीय असं समजायचं आणि हातातलं काम टाकून धावायचं. कासविणीला हे कोणी शिकवावं लागलं नव्हतं. वडीलही याच धरणावर होते. त्यांचं बोट धरून तिने लहानपणी ही फेरी कितीदा तरी मारली होती.

आणि गेल्या काही वर्षांत झालं काय, की कासवं पट्टा सोडून बांधाच्या पायथ्याशीही अंडी घालायला लागली. तिथली वाळू बारीक होती, मऊ होती. मग कासविणीने हट्ट धरला की अंड्यांच्या दिवसांत तिथे कोणी पाय ठेवायचा नाही. फेरीवर जो म्हातारा होता त्याला सगळे गुडघेकाका म्हणत, कारण दोन वाक्यांनंतर त्यांचे गुडघे बोलण्यात यायचेच. फेरी बंद होणं त्यांच्या पथ्यावरच पडलं. ‘‘कासवांचं भलं होवो,’’ म्हणत त्यांनी खुर्ची सावलीत ओढून घेतली.

दादा मात्र जरा घुटमळला होता. ‘‘मग तिकडे बघणार कोण?’’

‘‘मी रोज जातेच की,’’ कासवीण म्हणाली होती. ‘‘माझं पाऊल वाळूवर कुठे ठेवायचं ते मला कळतं.’’

‘‘काही दिसलं तर पहिलं मला सांगायचं. पहिलं. कासवं नंतर.’’

‘‘अरे, आपलं घर त्या बांधाखाली आहे. आई तिथे झोपते. मला सांगायला हवं का?’’

ते खरंच होतं. कामगारांची वसाहत बांधाच्या अगदी खाली, सावलीत म्हणावी इतकी जवळ. आईची डावी बाजू लुळी पडल्यापासून तिची खाट खिडकीशी लावलेली, आणि खिडकीतून आभाळाऐवजी बांधाचा हिरवा उतार दिसायचा.

यंदा पायथ्याची वाळू नेहमीपेक्षा जास्तच होती. चाळणीतून काढल्यासारखी. तीन-चार माद्यांनी तिथे अंडी घातली तेव्हा कासविणीला आनंदाचं भरतं आलं. ही वाळू आली कुठून, कुणी आणून टाकली, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. हवी ती गोष्ट आपणहून दारात आली की कोण कशाला चौकशी करत बसतंय!

मग एका सकाळी ती त्या वाळूभोवती घातलेल्या कुंपणाची तार ओलांडून आत गेली आणि एका घरट्यावरची वाळू तिला गडद दिसली.

ती गुडघ्यांवर बसली, बोट खुपसलं. ओल होती. कासवाची अंडी बोटाला उबदार लागतात, ही गार पडली होती. गेलं, हे घरटं गेलं. ती ओल कुठून येते ते बघत पुढे सरकली तर दोन हातांवर गवताच्या मुळाशी पाणी होतं. अंगठा जाईल एवढंच भोक, आणि त्यातून पातेल्यात आधण यावं तशी वाळू खालून नाचत होती. नाचून बाजूला पडत होती. भोकाभोवती तिची एक छोटीशी टेकडी झाली होती, नवी, मऊ, कासवांना आवडते तशी.

तेव्हा तिला कळलं, ही वाळू कुठून येते ते.

तिने बाटलीचं झाकण त्या पाण्याने भरलं आणि सपाट दगडावर ठेवलं. थांबली. पाणी निवळलं तसा तळाशी पिवळ्या मातीचा पातळ थर बसला. पातळ, पण होता. तिने झाकण ओतून दिलं आणि पुसून बाटलीला लावलं.

खोटं कशाला बोला, तिला सगळं समजलं होतं. तिथल्या तिथे फोन लावायचा, दादा, पायथ्याला गढूळ पाझर आहे, एवढंच म्हणायचं. फोन खिशात होता. पण दादाने काय केलं असतं? दारं उघडली असती. आणि पट्ट्यावर यंदा इतकी घरटी होती जितकी तिने आयुष्यात पाहिली नव्हती, आणि ती फुटायला आली होती. चार दिवस, फार तर पाच. तिने मान वर करून बांधाकडे पाहिलं. एवढा थोरला बांध. इतकी वर्षं उभा आहे. चार दिवसांत काय कोसळतोय!

संध्याकाळी जेवताना दादाने नेहमीसारखं विचारलं, ‘‘काय म्हणतायत तुझी लेकरं?’’

‘‘मजेत आहेत.’’

‘‘आणि पायथा?’’

‘‘पायथ्याला काय होतंय?’’ ती म्हणाली आणि पाण्याचं भांडं तोंडाला लावलं.

‘‘धरण यंदा फारच भरलंय गं,’’ दादा म्हणाला. ‘‘मला रात्री झोप लागत नाही. लवकर आटपायला सांग त्यांना.’’

‘‘सांगते हो,’’ वहिनी हसत म्हणाली. ‘‘सगळ्यांनी पटापट अंड्यातून बाहेर या, दादांना झोपायचंय.’’

सगळे हसले. आईसुद्धा खाटेवरून अर्ध्या तोंडाने हसली. कासवीणही हसली, आणि हसता हसता तिचं लक्ष खिडकीकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी भोक मोठं झालं होतं का? झालं होतं, पण बेताचंच. ती बराच वेळ उकिडवी बसून राहिली, काल केवढं होतं ते आठवत. पाणी थोडं जास्त होतं. वाळूची टेकडी रुंदावली होती, घमेलंभर तरी झाली होती. पण धो धो असं काही नव्हतं. संथपणे, कोणाला घाई नसल्यासारखं ते चाललं होतं. तिला जरा धीर आला. बघ, काही नाही, उगाच जीव टांगणीला लावून घेतलास, असं ती स्वतःलाच म्हणाली. आणि मग होडी घेऊन पट्ट्यावर गेली तर एका घरट्यावरची वाळू मधोमध खचलेली. आत पिल्लांनी कवच फोडलं की वरची वाळू अशी खाली बसते. म्हणजे एक-दोन दिवसांत ती बाहेर पडणार. ती तिथे वाळूवर आडवी झाली, कान लावला, आणि आतली खुडबुड ऐकून तिला रडू फुटलं. वय काय, करते काय, पण रडली खरी.

त्या संध्याकाळी दादाने विचारलं तेव्हा तिने सांगितलं, ‘‘होईलच आता. दोन दिवस दे.’’

‘‘दिले,’’ दादा म्हणाला.

तिसऱ्या सकाळी ती पायथ्याशी गेली आणि कुंपणाच्या बाहेरच थबकली. आवाज येत होता. नळ अर्धवट उघडा राहिल्यासारखा. जुन्या भोकातून मनगटाएवढी धार उकळत होती, चहाच्या रंगाची, आणि त्याच्या वरच्या अंगाला, बांधाच्या उतारावर, दुसरं भोक फुटलं होतं. सभोवार ओली वाळू पसरलेली, हातगाडी भरेल इतकी. पायथ्याची घरटी तिच्यात गाडली गेली होती. ती उभी होती तिथली जमीनही पायाखाली लिबलिबत होती.

मग मात्र ती पळाली. पट्टा, पिल्लं, सगळं डोक्यातून गेलं, डोळ्यांसमोर फक्त ती खिडकी आणि आईची खाट. पायऱ्या चढून वर नियंत्रण खोलीत शिरली. दादाने तिचा चेहरा पाहिला आणि खुर्ची मागे सारून उठला.

‘‘पायथा,’’ ती म्हणाली. ‘‘पाझर. गढूळ आहे.’’

दादा तिच्या पुढे पळत सुटला. गुडघेकाका मागून लंगडत आले. पायथ्याशी पोचल्यावर दादाने तार पायाने दाबली, आत गेला, धारेखाली ओंजळ धरली, पाण्याकडे पाहिलं, मग वाळूच्या ढिगाकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

‘‘कधी दिसलं तुला?’’

‘‘आत्ता.’’

‘‘काल नव्हतं?’’

आता बघा, प्रश्न केवढासा. आणि त्याच्या चेहऱ्यावर संशयाचा लवलेश नव्हता, हे फार वाईट होतं. त्याने तिला रागाने विचारलं असतं तर ती कदाचित खरं बोलून गेली असती. पण तो विचारत होता जसं आपण आपल्याच डोळ्यांना विचारतो. काल नव्हतं ना? आणि तिच्या मनात आलं, होतं म्हटलं तर हा विचारणार, मग आई तिथे झोपली होती तेव्हा तू काय करत होतीस? वहिनी विचारणार.

‘‘नव्हतं,’’ ती म्हणाली. ‘‘काल कोरडं होतं सगळं.’’

दादाने वाळूच्या ढिगाकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि फोन काढला. साहेबांना लावला. तो भराभर बोलत होता, पण शब्द न् शब्द तिला ऐकू येत होता.

‘‘साहेब, बांधाच्या पायथ्याला पाझर फुटलाय, गढूळ. दोन ठिकाणी. नाही, काल संध्याकाळपर्यंत काही नव्हतं, माझी बहीण रोज बघते. एका रात्रीत गाडीभर वाळू बाहेर आलीय, साहेब. एका रात्रीत. हो ना, आठवड्याभरातलं असतं तर मीही म्हटलं असतं हळूहळू उतरवू, कालवे सोडू, एखादं दार चार बोटं उचलू, म्हणजे पट्ट्याचा वरचा भाग तरी वाचला असता. पण या वेगाने पोखरत असेल तर संध्याकाळपर्यंत बांध राहील की नाही सांगता येत नाही. सगळी दारं उघडतो. सगळी. हो, पूर्ण.’’



एका रात्रीत नव्हतं ते. तीन दिवस लागले होते त्या वाळूला. संथपणे, बेताने. तिने स्वतः बसून पाहिलं होतं. हे एक वाक्य बोलली असती तर पट्ट्याचा वरचा भाग कोरडा राहिला असता, आणि वरच्या भागातच तर निम्म्याहून जास्त घरटी होती. दादा, थांब, परवापासून आहे. एवढंच. जिभेवर आलं होतं.

तेवढ्यात वसाहतीतून वहिनी धावत आली. गुडघेकाकांनी वाटेवरूनच आरडाओरडा करून सगळ्यांना बाहेर काढायला सुरुवात केली होती. वहिनीची चप्पल एकाच पायात होती. तिने एकदा त्या धारेकडे पाहिलं, एकदा घराच्या खिडकीकडे पाहिलं, आणि कासविणीला घट्ट मिठी मारली. ‘‘तू होतीस म्हणून गं,’’ ती रडत म्हणाली. ‘‘तू होतीस म्हणून. नाहीतर आज आम्ही सगळी झोपेतच... अगं, तुझी कासवं जाणार हे माहीत असूनही तू धावत आलीस.’’

वहिनीच्या खांद्यावरून कासवीण दादाकडे बघत होती. तो फोन खिशात टाकून पायऱ्यांकडे निघाला होता. कोण जाणे, तिच्या मनात आलं, खरंच आता वेगाने वाढत असेल तर? मी हळू उतरव म्हणायचं आणि बांध गेला तर? दुसरं भोक तर आजचंच आहे. असं ती स्वतःला समजावत राहिली, आणि हे आपण का समजावतोय तेही तिला पुरेपूर कळत होतं.

दादा दोन पायऱ्या चढून थांबला. परत खाली आला. तिच्या खांद्यावर हात ठेवला.

‘‘ऐक. लोक बाहेर पडेपर्यंत मी दारं उघडणार नाही. तेवढा वेळ तुझा. पट्ट्यावर जा, जमेल तितकं उचल. भोंगा वाजला की मागे बघायचं नाही, सरळ काठावर यायचं. कळलं?’’

‘‘दादा...’’

‘‘बोलू नकोस आता. पळ.’’

ती पळाली. होडी ढकलली, टोपल्या घेतल्या. पट्ट्यावर ऊन पडलं होतं आणि पाणी इतकं शांत होतं की खरंच वाटू नये. खचलेली घरटी आता पुष्कळ होती, जिकडे बघावं तिकडे वाळूत वाट्यांसारखे खळगे. एक-दोन रात्रींत सगळी एकदम बाहेर आली असती. तिने पहिलं घरटं हातांनी उकरलं. पिल्लं होती, जिवंत, पण पोटाखाली बलकाची पिशवी अजून लोंबत होती. अशी पाण्यात सोडली तर बुडून मरतात, टोपलीत एकावर एक ठेवली तर पिशव्या फुटतात. तिने ती एकेक करून ओल्या फडक्यावर मांडली. दुसरं घरटं. तिसरं. नखांत वाळू जाऊन बोटं सोलली. आणि हे सगळं चाललेलं असताना फोन तिच्या खिशात होता, मांडीला टोचत होता. एक हात झटकून तो काढायचा, एक बटण दाबायचं. दादाने पहिल्या घंटीला उचलला असता.

तिने दोनदा फोन बाहेर काढला. दुसऱ्यांदा तर त्याचं नाव समोर आणलं. मग तिला दिसलं की वसाहतीतून आईची खाट बाहेर काढतायत. चौघांनी चार कोपरे धरले होते, आईवर पांघरूण होतं, आणि वहिनी बाजूने चालताना तिच्या तोंडावर सावली यावी म्हणून हात धरून होती. कासविणीने फोन परत खिशात टाकला.

भोंगा वाजला. ती काठावर आली तेव्हा तिच्याकडे दोन टोपल्या होत्या.

दारांतून पाणी सुटलं ते आधी दिसलं, मग त्याचा आवाज आला. पांढरा लोट वळणावर आदळला, फिरला, आणि पट्ट्याच्या खालच्या टोकावरून वर चढत आला. फार वेळ लागला नाही. खळगे एकेक करून भरले. मधला उंचवटा थोडा वेळ राहिला, तिला वाटलं कदाचित राहील, मग तोही गेला. पाण्यावर काही पांढरं पांढरं तरंगत वळणाकडे गेलं. तिने तोंडात पदर कोंबला. काठावर उभ्या असलेल्या बायकांमधून कोणीतरी म्हणालं, बिचारी, पोटच्या पोरांसारखी जपली होती. टोपल्यांतली पिल्लंही दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत सगळी मेली.

बांध मात्र उभा राहिला. धरणाचं पाणी उतरलं तशी धार बारीक झाली, निवळली, आणि सकाळी नुसती ओल राहिली. वसाहतीतली माणसं टेकडीवरच्या शाळेत होती. बाकं भिंतीला लावून वर्गात अंथरुणं घातली होती, आईची खाट फळ्याखाली होती. सगळे कासविणीला जागा करून देत होते. कोणी उशी आणून दिली, कोणी चहा. तिचं नाव घेताना आता कोणी हसत नव्हतं.

दुपारी साहेब आले. त्यांनी पायथ्याची पाहणी केली, वाळू चिमटीत घेतली, काठीने ढीग उकरून त्याचे थर पाहिले. दादा आणि कासवीण बाजूला उभे होते.

‘‘विचित्र आहे,’’ साहेब म्हणाले. ‘‘ही एका रात्रीची वाळू वाटत नाही मला. खालचा थर वाळून घट्ट झालाय. दोन-तीन दिवस तरी चाललं असणार हे.’’

कासविणीला वाटलं, सुटले. आता हे बोलतील, दादा माझ्याकडे वळेल, आणि संपेल एकदाचं.

‘‘शक्यच नाही, साहेब,’’ दादा म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. साहेबांपुढे त्याने आवाज चढवलेला तिने कधी ऐकला नव्हता. ‘‘माझी बहीण रोज इथे येते. आदल्या दिवशी तिने डोळ्यांनी पाहिलंय, कोरडं होतं. तिच्या शब्दावर मी आईला या बांधाखाली झोपवतो. तुम्ही थर बघा नाहीतर आणखी काही बघा, ती चुकत नाही.’’

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं. मग ओशाळून म्हणाले, ‘‘नाही नाही, मला तसं म्हणायचं नव्हतं. तुम्ही केवढं गमावलंय ते मला कळतं,’’ आणि काठी झटकून गाडीकडे गेले.

दोघं तिथेच उभे राहिले. दादाने त्या ढिगाला एक लाथ मारली आणि मग एकदम खाली बसला, बांधाच्या गवतावर, दोन्ही हात तोंडावर घेऊन. तिला आधी कळलंच नाही तो काय करतोय. वडील गेले तेव्हा तो रडला नव्हता, आई अंथरुणाला खिळली तेव्हा रडला नव्हता.

‘‘माझ्या हातांनी बुडवली गं,’’ तो म्हणाला. ‘‘भोंगा दिला तेव्हा मला तू पट्ट्यावर वाकलेली दिसत होतीस. कालपासून डोळ्यांसमोरून जात नाही. रात्रभर विचार करतोय, थोडं थांबलो असतो तर, एकच दार उघडलं असतं तर. यंदाचं एकही पिल्लू उरलं नाही ना आता? खरं सांग.’’

‘‘मोठी तेवढी आहेत नदीत,’’ ती म्हणाली. ‘‘म्हातारी.’’

‘‘तू माझ्यावर विश्वास टाकला होतास. मी धरतो म्हणालो होतो पाणी.’’ त्याने तिचा हात धरला, सोललेली बोटं जपून, उलट्या बाजूने. ‘‘मला माफ करशील? नाही केलंस तरी चालेल. पण तोंडाने सांग.’’

खाली वसाहतीत माणसं परतायला लागली होती. वहिनी घराची खिडकी उघडून अंथरूण झटकत होती, आईची खाट पुन्हा तिथेच लावायची म्हणून. तिने वर पाहून हात हलवला, आणि कासविणीनेही हलवला.

‘‘केलं रे, दादा,’’ ती म्हणाली. ‘‘तुझा काय इलाज होता?’’